डॉल्फिनना खरंच नावं असतात का? पुरावा काय सांगतो

नमस्कार मंडळी. आधी हा आवाज ऐका, मग बोलू.

[आवाज: बॉटलनोज डॉल्फिनची शीळ. दोनदा वाजवायची.]

संपला. जेमतेम एक सेकंद. खालून वर चढतो, एक वळसा घेतो, पुन्हा चढतो आणि तुटतो. "डॉल्फिन एकमेकांना नावाने हाक मारतात" हे तुम्ही रीलमध्ये बघितलं असेल, पेपरात वाचलं असेल, फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड म्हणून तर नक्कीच आलं असेल. तो सगळा दावा असल्या एक सेकंदाच्या शिळेवर उभा आहे. शास्त्रीय भाषेत हिला सिग्नेचर व्हिसल म्हणतात, म्हणजे ज्याची त्याची सहीसारखी शीळ.

दावा बऱ्यापैकी खरा आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे शेवटपर्यंत ताटकळत ठेवणार नाही. पण मला जास्त मजा वाटते ती हे सिद्ध कसं केलं त्याची. कारण पाण्याखाली शिट्टी कोणी मारली हेच मुळात कळत नाही. डॉल्फिन बोलताना तोंड उघडत नाही. चार डॉल्फिन एकत्र पोहत असतील आणि तुमच्या पाण्यातल्या माइकवर शीळ आली, तर ती चौघांपैकी कोणाची? आता असल्या प्राण्याच्या बाबतीत "याचं नाव हे आणि त्याचं नाव ते" असं छातीठोक सांगायला काय काय करावं लागलं असेल, विचार करा.

सुरुवात १९६५ ची. त्या वर्षी डॉल्फिनवर दोन अगदी वेगळी कामं चालू होती. कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावर जॉन लिली नावाच्या संशोधकाने एका घरात गुडघाभर पाणी भरलं होतं. त्यात मार्गारेट होव ही तरुणी पीटर नावाच्या डॉल्फिनबरोबर राहत होती आणि त्याला इंग्रजी शिकवत होती. हो, इंग्रजी. वन, टू, थ्री. पीटर काही इंग्रजी शिकला नाही. लिलीने डॉल्फिनना एलएसडी हे भास घडवणारं द्रव्यही टोचून बघितलं, आणि या क्षेत्राचं नाव इतकं खराब झालं की नंतर बरीच वर्षं "मी डॉल्फिनच्या संवादावर काम करतो" म्हटलं की समोरचा शास्त्रज्ञ गालातल्या गालात हसायचा.

त्याच वर्षी मेल्बा आणि डेव्हिड कॉल्डवेल या नवरा-बायकोंनी एक छोटासा शोधनिबंध छापला. त्यांनी डॉल्फिनला काहीही शिकवलं नव्हतं. पकडून आणलेले डॉल्फिन एकटे पडले, घाबरले की काय आवाज काढतात ते टेपवर घेतलं, आणि त्या आवाजाचा आलेख कागदावर काढला. त्यात दिसलं ते असं: प्रत्येक डॉल्फिन पुन्हा पुन्हा एकच शीळ घालतो, आणि प्रत्येकाची शीळ वेगळी. याची दोन वळशांची, त्याची सरळ चढणारी, तिसऱ्याची वर जाऊन खाली येणारी. कॉल्डवेल दांपत्याचं म्हणणं होतं की ही ज्याची त्याची ओळख आहे.

यावर लगेच प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. ओळख तर आपल्याही आवाजात असते. फोनवर कोणी नुसतं "मी बोलतोय" म्हटलं तरी कळतं ना, काका आहेत की शेजारचे जोशी. त्याला कोणी नाव म्हणत नाही, तो आवाजाचा पोत. डॉल्फिनचंही तेवढंच असेल तर मग एवढा गाजावाजा कशाला?

इथे डॉल्फिनच्या शरीरात थोडं डोकवावं लागेल.

[स्क्रीनवर: डॉल्फिनच्या डोक्याचा उभा छेद.]

डोक्यावरचं हे छिद्र म्हणजे त्याचं नाक. त्याच्या खाली, नाकाच्या वाटेतच, ओठांसारखे दिसणारे मांसल पडदे आहेत. त्यांच्यामधून हवा ढकलली की ते थरथरतात. त्यातून दोन प्रकारचे आवाज निघतात. एक टकटक, जी भक्ष्य आणि आजूबाजूचं जग प्रतिध्वनीवरून ओळखायला लागते. ती इतक्या वरच्या पट्टीत जाते की आपल्याला ऐकूच येत नाही, शंभर किलोहर्ट्झच्याही वर. आणि दुसरी ही शीळ, जिचा बराचसा भाग आपल्या कानांना ऐकू येतो. समोरून आलेला आवाज त्याला ऐकू येतो तो मुख्यतः खालच्या जबड्यातून. तिथे एक खास प्रकारची चरबी असते, ती आवाज थेट आतल्या कानापर्यंत पोचवते. बाहेरून कान म्हणून जे दिसतं ते टाचणीच्या टोकाएवढं भोक.

आता शीळ म्हटलं की आपल्याला वाटतं, हवेची शीळ. आपण ओठांचा चंबू करून घालतो तशी. तशी असती तर एक अडचण होती. खोल पाण्यात दाब वाढतो, शरीरातली हवा आकसते. पोकळीतल्या हवेमुळे सूर ठरत असेल, तर डॉल्फिन जसा खोल जाईल तसा त्याचा सूर बदलणार. मग ओळख कसली राहणार? हे तपासायला एक भन्नाट प्रयोग झालेला आहे. १९७७ मध्ये एका डॉल्फिनला हेलियम आणि ऑक्सिजनचं मिश्रण हुंगायला देऊन त्याच्या शिळा टेप केल्या होत्या. हेलियमचा फुगा तोंडात घेऊन बोललं की आवाज चिरका होतो, ते तुम्ही पार्टीत बघितलंच असेल. डेन्मार्कच्या पीटर मॅडसन यांच्या गटाने ती जुनी टेप पुन्हा तपासली. शिळेचा मूळ सूर हेलियममुळे हललाच नाही. म्हणजे ही हवेची शीळ नाहीच. पडदा थरथरतो, आपल्या स्वरयंत्रासारखा, आणि सूर तो पडदा ठरवतो. त्यामुळे खाली जा, वर या, शिळेचा आलेख तोच राहतो.

पण आवाजाचा पोत, तो बारीक खरखरीतपणा, तो खोलीबरोबर बदलतो. म्हणूनच कदाचित या प्राण्याने ओळख पोताऐवजी आलेखाच्या आकारात ठेवली. "कदाचित" म्हणतेय, कारण हा अंदाज आहे. पण आकारात ओळख आहे का, हे तपासता येतं. आणि ते तपासलं गेलं.

त्यासाठी फ्लोरिडातल्या सॅरासोटा बेमध्ये यावं लागेल.

ही उथळ खाडी आहे. इथे १९७० मध्ये डॉल्फिनना खुणा करून त्यांचा माग ठेवायला सुरुवात झाली. त्या कामात रँडल वेल्स नावाचा शाळकरी मुलगा मदतीला होता. पुढे तोच या प्रकल्पाचा प्रमुख झाला, आणि काम अजून चालू आहे. जंगली डॉल्फिनच्या एकाच वस्तीचा जगातला सगळ्यात दीर्घकाळ चाललेला अभ्यास आहे हा. खाडीत सुमारे १७० डॉल्फिन कायम राहतात. पाठीवरच्या पराच्या कडेला पडलेल्या खाचांवरून एकेकाला ओळखतात. कोण कोणाची आई, कोण कोणाची आजी, सगळी वंशावळ वहीत. दातांतले थर मोजून वयही काढलंय. निकलो नावाची एक मादी ६७ वर्षांची असताना दिसली होती!

इथे ठरावीक काळाने काही डॉल्फिनना उथळ पाण्यात जाळ्याने घेरतात आणि पशुवैद्य तपासणी करतात. वजन, रक्त, सोनोग्राफी. माणसं कंबरभर पाण्यात उभी राहून डॉल्फिनला हातांवर तोलून धरतात. तेवढ्या वेळात त्याच्या कपाळावर रबरी कपाने चिकटणारा एक छोटा माइक लावतात. आता आवाज कोणाचा याचा घोळच नाही, माइक त्याच्याच डोक्यावर आहे. लीला सायघ यांनी १९८० च्या दशकापासून ही अशी ध्वनिमुद्रणं जमवली. काही डॉल्फिनची शीळ दहा-दहा वर्षांनीही जशीच्या तशी.

आणि २००६ मध्ये व्हिन्सेंट जॅनिक, सायघ आणि वेल्स यांनी तो प्रयोग केला. फार साधा आहे, नीट ऐका.

ओळखीच्या डॉल्फिनची शीळ घेतली. तिचा फक्त आकार ठेवला, म्हणजे सूर कुठे चढतो, कुठे उतरतो, एवढंच. मग कॉम्प्युटरवर तो आकार कोऱ्या, यांत्रिक आवाजात पुन्हा तयार केला. पोत शून्य. मग पाण्यात धरलेल्या डॉल्फिनच्या एका बाजूला स्पीकर सोडला. एकदा त्याच्या नातेवाइकाची शीळ वाजवली, आणि एकदा ओळखीच्याच पण नात्यात नसलेल्या डॉल्फिनची. बघायचं एवढंच की तो मान कधी जास्त वेळा वळवतो. १४ पैकी ९ डॉल्फिननी नातेवाइकाच्या शिळेकडे जास्त मान वळवली. यंत्राने वाजवलेल्या, जिच्यात त्या नातेवाइकाच्या आवाजाचा कणही नाही अशा शिळेकडे. मघाच्या फोनवाल्या शंकेचं उत्तर इथे मिळतं.

१४ हा आकडा लहान आहे, मान्य. जंगली डॉल्फिन धरून प्रयोग करायचा म्हणजे हजारो नमुने मिळत नाहीत. पण यानंतरचा पुरावा बघा.

स्टेफनी किंग आणि जॅनिक, २०१३, स्कॉटलंडचा पूर्व किनारा. इथे कोणाला धरलं नाही. मोकळ्या समुद्रात डॉल्फिनच्या टोळीमागे छोटी बोट. तीच शीळ एक ते दहा सेकंदांच्या अंतराने पुन्हा पुन्हा आली की ती कोणाची तरी सिग्नेचर, असा त्यांनी बसवलेला निकष. ती लगेच टेप केली, बोटीतच तिची यांत्रिक नक्कल केली, आणि त्याच टोळीला परत ऐकवली. टोळीत ज्याची शीळ होती त्याने उत्तर दिलं. स्वतःची शीळ परत घालून. कधी पुन्हा पुन्हा, तर कधी बोटीच्या दिशेने येत. दुसऱ्या ओळखीच्या डॉल्फिनची शीळ वाजवली किंवा परक्या वस्तीतल्या अनोळखी डॉल्फिनची वाजवली, तेव्हा असा प्रतिसाद आला नाही. "गणेश!" म्हटल्यावर गणेशनेच "ओ" द्यावी, तसं.

सॅरासोटात हेही दिसलं की डॉल्फिन स्वतःच कधीकधी दुसऱ्याची शीळ काढतात. वाटेल त्याची नाही. आई पिल्लाची काढते, पिल्लू आईची काढतं, कायम जोडीने फिरणारे नर एकमेकांची काढतात. आणि तेही बहुतेक ताटातूट झाल्यावर. शिवाय नक्कल अगदी हुबेहूब नसते, किंचित फरक असतो. बहुधा ऐकणाऱ्याला कळावं म्हणून, की हा स्वतः तो नाही, त्याला कोणीतरी बोलावतंय.

ही शीळ येते कुठून? जन्मतः नसते. पिल्लू पहिल्या काही महिन्यांत ती घडवतं, कानावर पडलेल्या शिळांमधून उचलून. आणि गंमत म्हणजे सॅरासोटातल्या अभ्यासात असं दिसलं की पिल्लं बऱ्याचदा ज्यांच्याशी फारशी गाठ पडत नाही अशा डॉल्फिनच्या शिळेवर आपली बेततात. घरातल्या कोणाशी गोंधळ नको, हे एक शक्य कारण. मला हे फार आवडतं. आपल्याकडे एका घरात दोन सुरेश नकोत म्हणून जे चालतं, ते तिथे पिल्लू स्वतःच सांभाळतं.

लक्षात किती राहतं? जेसन ब्रक यांनी अमेरिका आणि बर्म्युडातल्या सहा ठिकाणच्या ४३ पाळीव डॉल्फिनवर हे बघितलं. हे प्राणी प्रजननासाठी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवले जातात, त्यामुळे कोण कोणाबरोबर कधी राहिलं याच्या नोंदी होत्या. ॲली आणि बेली या दोन माद्या लहानपणी फ्लोरिडात एकत्र होत्या. नंतर बेली बर्म्युडाला गेली. वीस वर्षं सहा महिन्यांनी तिला ॲलीची शीळ ऐकवली, तर तिने ओळखली. आता शाळेतली बाकावरची मैत्रीण रस्त्यात भेटल्यावर आपलं काय होतं ते आठवा. मी तर नाव न घेता "अगं, किती दिवसांनी!" म्हणून वेळ मारून नेते.

इथवर एक कच्चा दुवा राहतो. शीळ ओळखली म्हणजे त्या शिळेमागचा विशिष्ट डॉल्फिन डोक्यात आला, हे कशावरून? नुसता "ओळखीचा आवाज" एवढंच कळलं असेल. हा दुवा जोडणारा प्रयोग २०२२ मध्ये आला, आणि तो लघवीवर आहे. डॉल्फिनला वास येत नाही. मेंदूतला वासाचा भागच नाही. पण चव असते. ब्रक, सॅम वॉल्मस्ली आणि जॅनिक यांनी पाण्यात वेगवेगळ्या डॉल्फिनची लघवी ओतली. ओळखीच्या डॉल्फिनची असेल तर ते तोंड उघडं ठेवून तिथे जास्त वेळ रेंगाळले. मग त्याच वेळी स्पीकरवर शीळ वाजवली. कधी त्याच डॉल्फिनची, कधी दुसऱ्याची. लघवी आणि शीळ एकाच डॉल्फिनची असली की ते स्पीकरपाशी जास्त वेळ थांबले. चव वेगळं इंद्रिय, ऐकणं वेगळं. दोन्हींकडून आलेली माहिती एकाच ओळखीवर जाऊन बसते. मला विचाराल तर या सगळ्या मालिकेतला सगळ्यात भारी पुरावा हाच. बातमीत मात्र "डॉल्फिन एकमेकांची लघवी चाखतात, ई!" एवढंच आलं.

मग नाव म्हणायचं का? माझं मत: म्हणा, पण आपल्यासारखं नाव समजू नका. ते दुसऱ्याने ठेवलेलं नसतं, स्वतःच घडवलेलं असतं. आणि बहुतेक वेळा मालकच ते उच्चारतो, "मी इथे आहे" अशा अर्थाने. समुद्रात दोन टोळ्या एकमेकींजवळ येताना आधी अशा शिळांची देवाणघेवाण होते, हे स्कॉटलंडमध्येच दिसलंय. पण दोन डॉल्फिन तिथे नसलेल्या तिसऱ्याबद्दल त्याचं नाव घेऊन बोलतात, याचा पुरावा नाही. थोडक्यात, कुचाळक्या सिद्ध झालेल्या नाहीत.

एक फॉरवर्डही इथेच निकालात काढते. "भारताने डॉल्फिनला माणसाचा दर्जा दिला." नाही दिला. मे २०१३ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने परिपत्रक काढलं, की देशात डॉल्फिनचे खेळ दाखवणाऱ्या प्रकल्पांना परवानगी देऊ नका. त्यात काही शास्त्रज्ञांचं मत म्हणून "मानवेतर व्यक्ती" असा उल्लेख आला. तेवढ्यावर जगभर बातमी फिरली. निर्णय चांगलाच होता, पण तो कायद्याने दिलेला व्यक्तीचा दर्जा नव्हे.

आता आपल्या किनाऱ्याकडे. तारकर्ली, मालवण, दापोलीजवळ हर्णै-मुरूड, गोव्यात सिंकेरी. "डॉल्फिन दाखवतो" म्हणून बोटीत बसवतात, ते डॉल्फिन बहुतेक वेळा हंपबॅक जातीचे असतात. पाठीवर उंचवटा, त्यावर छोटा पर. आतापर्यंतच्या प्रयोगांतला बॉटलनोज वेगळा. त्यामुळे फ्लोरिडातले निष्कर्ष उचलून जसेच्या तसे मालवणात लावता येणार नाहीत. पण हाही किनाऱ्याला धरून, उथळ गढूळ पाण्यात राहणारा, आवाजावर जगणारा प्राणी आहे. आणि जागतिक यादीत तो धोक्यात असलेल्या जातींमध्ये आहे.

पाण्यातल्या गोंगाटाने काय होतं, याचा एक प्रयोग सांगते. फ्लोरिडातले दोन नर, डेल्टा आणि रीस. काम असं की दोघांनी आपापलं बटण एका सेकंदाच्या आत, एकाच वेळी दाबायचं. एकाला मुद्दाम मागे अडवून ठेवायचे, म्हणजे एकमेकांना खुणावल्याशिवाय जमणार नाही. शांत पाण्यात ८५ टक्के वेळा जमलं. पाण्यात मोठा आवाज सोडला, तर ६२.५ टक्के. दोघांनी आपल्या परीने सगळं करून बघितलं. शिट्ट्या मोठ्या केल्या, लांबवल्या, एकमेकांकडे तोंड वळवलं. तरी पहिल्याइतकं जमेना. हे २०२३ चं काम.

आणि आपल्याकडे काय होतं? एक पर दिसला की पाच बोटींची इंजिनं एकदम त्या दिशेला. "तो बघा, तो बघा, डावीकडे!" डॉल्फिन बुडी मारतो, बोटी पुन्हा वळतात. बोटवाल्या दादांना दोष देत नाही. गिऱ्हाईक पैसे देऊन आलंय, त्याला फोटो हवाय. पुढच्या वेळी बसाल तेव्हा एकच सांगून बघा: पाठलाग करू नका, लांब थांबून इंजिन बंद ठेवा, दिसला तर दिसला. इंजिन थांबल्यावर तो श्वास सोडतानाचा "फुस्स" आवाज ऐकू येतो. चालू इंजिनात तो कधीच ऐकू येत नाही.

शेवटचं, एआयबद्दल. कारण त्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही. २०२५ मध्ये गूगलने डॉल्फिनच्या आवाजांवर शिकवलेलं एक मॉडेल जाहीर केलं. त्यामागे डेनिस हर्झिंग यांचं बहामातलं, १९८५ पासूनचं ध्वनिमुद्रण आहे. त्याच वर्षी सायघ यांच्या गटाला प्राण्यांशी संवादावरच्या संशोधनासाठी एक लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. त्यांनी सॅरासोटातल्या साठ्यातून सिग्नेचर नसलेल्या, पण अनेक डॉल्फिन सामायिक वापरतात अशा वीसेक शिळा वेगळ्या काढल्यात. एक ऐकली की डॉल्फिन दूर पळतात, बहुधा धोक्याची. एक अनपेक्षित काही घडलं की घातली जाते, "हे काय?" अशा धर्तीची. दोन्हींवर अजून काम चालू आहे.

एक लक्षात घ्या, मॉडेल कितीही मोठं असलं तरी त्याला हे कोणीतरी सांगावं लागतं, की ही शीळ कोणाची, तेव्हा तिच्या शेजारी कोण होतं, ती कोणाची मुलगी. ते टेपमध्ये नसतं. ते बोटीत बसून पन्नास वर्षं वही लिहिणाऱ्यांकडे असतं. २०२३ मध्ये सायघ यांनी दाखवलं की डॉल्फिनच्या आया पिल्लू जवळ असताना आपलीच शीळ जास्त वरच्या पट्टीत घालतात, जशा आपण बाळाशी बोलताना आवाज चढवतो. १९ आया होत्या त्यात. प्रत्येकीची शीळ पिल्लाबरोबर असताना आणि नसताना, दोन्ही वेळची हवी. ती मिळवायला ३४ वर्षांची ध्वनिमुद्रणं चाळावी लागली.

प्रश्न असतील तर खाली कमेंटमध्ये टाका, मी उत्तरं देते. फक्त "मग त्यांची भाषा कळली का?" हा टाकू नका. त्याचं उत्तर आत्ताच देऊन ठेवते: नाही.